बाजू दुसरी, गाणं तिसरं

राग नाकावर असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे लोकांची नाकं मी फार जवळून पाहतो. पण आम्ही ज्याला कानसेन म्हणतो, त्याचा राग नाकावर मावणारा नव्हता. तो भुवयांत होता, जबड्यात होता, उजव्या हाताच्या त्या चपट्या झालेल्या अंगठ्यात होता. त्याला नुसतं 'कसा आहेस' विचारलं तरी 'का, काय ऐकलंस?' असं उत्तर यायचं.

लोकांना नीट दिसत नाही यावर माझं घर चालतं. दुकानाच्या मागे एक खोली आहे. तिथे काचा घासायचं यंत्र, फ्रेमांच्या खणांचं एक कपाट आणि खिडकीखाली एक जड टेबल. टेबलावर माझा रेकॉर्ड प्लेअर. रविवारी दुकान बंद असतं. सकाळी दहाला आम्ही चौघं तिथे जमतो आणि घरून फोन यायला लागले की उठतो. हे अकरा वर्षं चाललं आहे. संसारात एवढा नेम मी कशाचाच पाळलेला नाही.

चौघांत पहिला दातांचा डॉक्टर. हा जॅझवाला. त्याला जुनं हवं, पहिल्या छपाईचं हवं, आणि रेकॉर्ड सुरू व्हायच्या आधी तिच्याविषयी अर्धा तास बोलायला हवं. दुसरा कंडक्टर, शहराच्या बसवर. हा रॉकवाला, आणि तोही नव्याचा. गेल्याच महिन्यात कुठल्यातरी पोरांनी गॅरेजात बसून काढलेली रेकॉर्ड तो बगलेत मारून यायचा, आणि ज्यात गिटार फाटत नाही ते संगीत डॉक्टरकडे गुळण्या करायला ठेवावं असं म्हणायचा. तिसरा मी. माझं दोन्हीकडे जमतं, म्हणून दोघंही मला आतल्या गाठीचा समजतात. आणि चौथा कानसेन.

जुनं चांगलं की नवं, यावर डॉक्टर आणि कंडक्टर दर रविवारी हमरीतुमरीवर यायचे. कानसेन मध्ये पडायचा तो दोघांनाही झोडायला. त्याचं म्हणणं, रेकॉर्डी दोनच प्रकारच्या असतात. एकीत वाजवणारे एकमेकांचं ऐकत असतात आणि दुसरीत आपापली वाट बघत असतात. साल कुठलं याला काही अर्थ नाही. एकदा कंडक्टरने नारिंगी रंगाची आरपार दिसणारी रेकॉर्ड आणली, तर कानसेन म्हणाला, ही भिंतीवर टांग, घर शोभेल. एकदा बासचा एकट्याचा तुकडा चालू असताना डॉक्टरने तोंड उघडलं. कानसेनने सुई उचलली, चपला घातल्या आणि निघून गेला. पुढच्या रविवारी दहाला हजर, जणू काही झालंच नाही.

आमचा एक नियम होता, तो त्यानेच घातलेला. रेकॉर्ड कोणीही आणो, लावायच्या आधी तिचं कव्हर फ्रेमांच्या खणात बंद करायचं. एक बाजू पूर्ण ऐकायची, मग कोणी काय ओळखलं ते सांगायचं, आणि नंतरच कव्हर काढायचं. आधी वाचलंत तर ऐकणार नाही, असं तो दरडावून सांगायचा. डॉक्टरला हा नियम म्हणजे शिक्षा होती. माणूस कव्हर वाचण्यासाठीच रेकॉर्डी घेत असावा.

कानसेन स्वतः मात्र कव्हर वाचायचा तो अंगठा प्रत्येक ओळीखाली सरकवत, आणि छपाईच्या चुका शोधायचा. चाळीस वर्षं छापखान्यात गेलेली. अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, अंगठा चपटा झाला तो त्यातच, आणि मुख्य प्रूफ तपासनीस म्हणून निवृत्त झाला. माझ्या एका दुर्मिळ रेकॉर्डच्या कव्हरवर त्याने पेन्सिलीने अकरा चुका काढून ठेवल्या आहेत. मी भडकलो तर म्हणे, चुका छापणाऱ्यावर भडक. त्याच्या छापखान्याचा कायदा त्याने आम्हाला शंभरदा ऐकवला होता. सही झालेल्या प्रूफातलं एक अक्षर हलवायचं नाही. मालक आला तरी नाही, मालकाचा बाप आला तरी नाही.

तो त्याच्या थोरल्या बहिणीबरोबर राहायचा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लग्न दोघांचंही नाही. ताई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. त्यांचे चष्मे मीच करायचो. बोलणं नेमकं, आवाज खालचा, आणि पावती वाचून मगच पिशवीत घालायच्या. संगीताने डोकं दुखतं म्हणायच्या. घरात तो गाण्याचा डबा नको अशी त्यांची सक्त ताकीद होती, म्हणून कानसेनच्या दोनशे-सव्वादोनशे रेकॉर्डी माझ्या मागच्या खोलीत मुक्कामाला होत्या. एवढ्या कानाच्या माणसाला अशी बहीण मिळावी, याचं मला वाईट वाटायचं. मी मूर्ख होतो. पुढे कळेलच.

आमच्या शहरातल्या एका बँडने बेचाळीस वर्षांपूर्वी एकच रेकॉर्ड काढली होती. जॅझवाले तिला रॉक म्हणाले आणि रॉकवाले जॅझ, त्यामुळे दोघांनीही घेतली नाही. पुढे मात्र ती मिळेना म्हणून लोक शोधत सुटले. डॉक्टर आणि कंडक्टर यांचं एकमत होणारी ही एकमेव रेकॉर्ड. बँडमास्तर ट्रम्पेट वाजवायचा. पाच वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा पेपरात फोटोसकट आलं होतं. त्याचं वाजवणं झगझगीत, वरच्या सुरांत, टाळ्या मागणारं. पण दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं वेगळंच होतं. त्यात ट्रम्पेट चार मिनिटं एकटं बोलतं. यायचं तिथे येत नाही, जरा थांबून येतं. एकच सूर धरून बसतं. मध्ये श्वास घेतलेला स्पष्ट ऐकू येतो. मग आता हे वर चढणार असं वाटत असताना ते खाली उतरतं आणि तिथेच राहतं. मी ते किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही.

या चार मिनिटांवर डॉक्टरचा एक सिद्धांत होता. या एका गाण्यात बँडमास्तरने स्वतःचा अहंकार टाकून दिला, म्हणून तो वर न जाता खाली आला, वगैरे. हे प्रवचन आम्ही अकरा वर्षं ऐकलं. कानसेन त्या वेळी फ्रेमांच्या खणांकडे बघत बसायचा. मला वाटायचं, बिचारा सूर मनात घोळवतोय.

त्या रविवारी डॉक्टर फुलून आला. एक नवी कंपनी ती रेकॉर्ड पुन्हा काढणार होती, आणि कव्हरच्या मागचा मजकूर लिहायला त्यांनी त्याला सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी छपाई. त्याने उभं राहून मजकूर वाचून दाखवला. तिसऱ्या गाण्यावर दोन परिच्छेद होते, अहंकाराच्या विसर्जनासकट. वाचून झाल्यावर त्याने आमच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं.

कानसेन उठला. एरवी तो डॉक्टरला अहो-जाहो करायचा. त्या दिवशी ते गेलं.

"दातांचा डॉक्टर ना तू? तोंड बदललेलं कळत नाही तुला? बाकीची सात गाणी एका तोंडातून आलीत आणि हे दुसऱ्या तोंडातून. अकरा वर्षं ऐकतोयस. काय ऐकतोयस?"

डॉक्टरला काही बोध होईना. कंडक्टरने विचारलं, मग कोणी वाजवलंय?

"माझ्या ताईने," कानसेन म्हणाला.

मग त्याने उभ्याउभ्याच सांगितलं, तेही आम्हाला शिव्या घातल्यासारखं. रेकॉर्डिंगचा एकच दिवस मिळाला होता. सात गाणी झाली आणि बँडमास्तरची दाढ उठली. गाल सुजून टम्म, ओठ मिटेनात. ताई तेव्हा बँडबरोबर सरावाला असायची. तिला उभं केलं, आणि तिने एका झटक्यात वाजवून दिलं. दुसऱ्यांदा वाजवायला वेळच नव्हता.

डॉक्टर आधी पांढरा पडला, मग लाल. कव्हरवर तसं कुठेही छापलेलं नाही, तो म्हणाला. कव्हरच वाच तू, कानसेन म्हणाला. मग डॉक्टरने तो प्रश्न विचारला, जो माझ्याही ओठांवर होता. अकरा वर्षं समोर बसून माझी बडबड ऐकलीस, तेव्हा का बोलला नाहीस? कानसेन चपला शोधायला लागला. डॉक्टर मागून ओरडला, पुरावा आण, नाहीतर मजकूर आहे तसाच जाईल. त्याचंही चुकलं नव्हतं. मेलेल्या माणसाचं नाव काढून जिवंत माणसाचं घालायचं तर कागद लागतोच.

तो गेल्यावर कंडक्टरने कोणाला न विचारता तिसरं गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात आम्ही तिघं एकमेकांकडे बघणं टाळायला लागलो. दोन तोंडं होती. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एवढे आम्ही कानवाले, आणि अकरा वर्षं आम्ही छापलेलं ऐकत होतो. माझा स्वतःवर इतका संताप झाला की मी चालू गाण्यावरची सुई उचलली.

बुधवारी दुपारी कानसेनचा फोन आला. ताई दवाखान्यात गेली आहे, तासभर येणार नाही, तू ये. मी दुकानावर पाटी लावून गेलो. त्याने लोखंडी कपाटाच्या तळातून, जुन्या वर्तमानपत्राखालून, एक पिवळा पडलेला कागद काढला. त्या रेकॉर्डच्या मागच्या कव्हरचं प्रूफ. खाली बँडमास्तरची सही आणि 'छापावे' असा शेरा. वादकांच्या यादीत शेवटची ओळ होती, 'ट्रम्पेट, बाजू दुसरी, गाणं तिसरं', आणि पुढे ताईंचं पूर्ण नाव. त्या ओळीवर लाल शाईची आडवी रेघ. समासात 'काढणे' अशी खूण आणि तिच्याजवळ दोन आद्याक्षरं.

आद्याक्षरं कानसेनची होती. मी त्याच्याकडे पाहिलं, तो खिडकीकडे पाहत होता.

त्याने सांगितलं ते असं. वडील कारखान्याच्या बँडमध्ये होते, त्यामुळे घरात ट्रम्पेट होतं. मुलगा म्हणून शिकवलं ते याला, सहा वर्षं. ताई स्वयंपाकघरातून ऐकायची. याला कावीळ झाली तेव्हा दोन महिने ट्रम्पेट पडून होतं, ते तिने उचललं. पुढे वडिलांनी बँडमास्तरला घरी बोलावलं, ते याचं ऐकायला. तो जिना चढत असताना ताई वाजवत होती. वर येऊन त्याने याचं दोन मिनिटं ऐकलं आणि तिला सरावाला यायला सांगितलं. वडील थोरलीला म्हणाले होते, कानामागून आली आणि तिखट झाली. ते कौतुकाने म्हणाले होते. याला ते कायमचं लागलं. त्या महिन्यात याने ट्रम्पेट सोडलं आणि छापखान्यात लागला.

रेकॉर्ड झाली, कव्हर छापायला नेमकं याच्याच छापखान्यात आलं. याचंच जुळवलेलं. प्रूफावर सही झाली. दोन दिवसांनी बँडमास्तर एकटा आला. ज्यांनी ज्यांनी ऐकलं ते तिसऱ्या गाण्याचंच बोलत होते, ते त्याला खुपत होतं. ती शेवटची ओळ काढ, उगाच गोंधळ होतो, असं तो म्हणाला.

"मालकाने दटावलं का?" मी विचारलं.

"मालक गावाला गेला होता. सही झालेली होती. नियम नाही एवढं म्हटलं असतं तरी तो परत गेला असता. मला बरं वाटलं रे. म्हणून काढली."

बावीस वर्षांचं पोर होतं, मत्सर कोणाला होत नाही, असं मी मनाशी म्हणालोही असतो. पण त्याचं संपलं नव्हतं. रेकॉर्ड घरी आली तेव्हा ताईने जमिनीवर बसून मागचं कव्हर तीनदा वाचलं आणि याला विचारलं, तुमच्याकडे आलं तेव्हा माझं नाव होतं का रे. हा म्हणाला, नव्हतं, आलं तसं छापलं. तिने रेकॉर्ड परत पाकिटात घातली. आठवड्याभरात ट्रम्पेट एका शाळेच्या बँडला देऊन टाकलं आणि टेलिफोनच्या परीक्षेला बसली. ती बँडमास्तरवर रागावली आहे, असं हा समजला. आणि तसं समजणं त्याला सोयीचं होतं.

आता त्याला माझ्याकडून काय हवं होतं? तर माझ्या दुकानात कागदाची नक्कल काढायचं यंत्र आहे. त्याने विचारलं की फक्त छापलेली ओळ आणि बँडमास्तरची सही येईल, लाल रेघ आणि समास येणार नाही, असं करता येईल का. ताईचं नाव लागेल, आणि बाकीचं कोणाला कळायचं कारण नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर तो आमच्यावर डाफरला, चुका काढल्या, नियम शिकवले, आणि आम्ही त्याला मान दिला. हा राग खरा आहे असं आम्हाला वाटलं होतं. खाई त्याला खवखवे, इतकंच होतं ते. खवखव याच्या घशात आणि खोकला आमच्या तोंडावर.

"आधी तिचं नाव खोडलंस," मी म्हणालो, "आता स्वतःचं खोडायला निघालास. कागद जाईल तर अख्खा जाईल, आणि आधी तिने पाहिल्यावर जाईल. तू दाखव, नाहीतर मी दाखवतो."

त्याने मला घराबाहेर जायला सांगितलं. मी कागद घेऊनच बाहेर पडलो. शनिवारी संध्याकाळी त्याने फोन करून एवढंच सांगितलं की उद्या ताईला घेऊन येतो.

रविवारी ताई पहिल्यांदा मागच्या खोलीत आल्या. डॉक्टर आणि कंडक्टर उभे राहिले. मी त्यांना माझी खुर्ची दिली. कानसेन काचा घासायच्या यंत्रापाशी उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. मी कागद टेबलावर ठेवला. त्यांनी पर्समधून वाचायचा चष्मा काढला आणि पावती वाचावी तसा वरपासून वाचत गेल्या. शेवटच्या ओळीवर थांबल्या. मग समासाकडे गेल्या. आद्याक्षरांवर बोट ठेवून त्यांनी मान वर केली आणि भावाकडे पाहिलं. त्याने होय म्हणून मान हलवली.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो त्याला नाही, आम्हाला.

"म्हणजे त्या रेकॉर्डवर वाजतंय ते माझं आहे?"

आम्हाला प्रश्नच कळला नाही. डॉक्टर म्हणाला, अर्थात तुमचं, दुसऱ्या कोणाचं असणार. तेव्हा त्यांनी त्यांच्या त्या खालच्या आवाजात सांगितलं. नाव नव्हतं, आणि भाऊ म्हणाला की छापखान्यात आलं तेव्हाही नव्हतं. म्हणजे आपलं वाजवणं ठेवलंच नाही. दाढ बरी झाल्यावर बँडमास्तरने ते स्वतः पुन्हा वाजवून घेतलं असणार. बरोबरच केलं असणार, आपलं वाईटच झालं असणार. त्यांनी ती रेकॉर्ड एकदाही लावली नाही. आपल्यापेक्षा बरं कोणी वाजवलं हे ऐकायला कोण बसतं, असं त्या म्हणाल्या.

कानसेनला हे माहीत नव्हतं. ते त्याच्या तोंडावर दिसलं. नाव चोरलं एवढंच त्याला ठाऊक होतं. तिचं वाजवणंच चोरलं होतं, हे त्याला त्या खोलीत, आमच्या देखत कळलं. तो यंत्राला टेकला. मला त्याची दया आली नाही. यायला हवी होती कदाचित, पण आली नाही.

लावा, ताई म्हणाल्या. मी दुसरी बाजू काढली आणि सुई तिसऱ्या गाण्यावर ठेवली. त्या टेबलावर कोपर टेकून ऐकत होत्या. श्वास ऐकू येतो तिथे त्यांनी स्वतःही श्वास घेतला, मला वाटतं नकळत. ट्रम्पेट खाली उतरलं तेव्हा त्यांनी एक बोट वर केलं.

"इथे चुकले होते मी. वरचा सूर धरला होता, तो निघेना. म्हणून खाली आले."

डॉक्टरने पेनाचं टोपण लावलं. अहंकाराचं विसर्जन तिथेच आटोपलं. कंडक्टर हसला असता, पण त्याचे डोळे भरलेले होते. गाणं संपल्यावर ताईंनी ते पुन्हा लावा असं म्हटलं नाही. त्या खुर्चीत वळल्या आणि भावाकडे तोंड करून बसल्या.

"बेचाळीस वर्षं एका घरात राहिलो. एकदा तरी सांगायचं होतंस."

"तू मला घराबाहेर काढशील असं वाटलं," तो म्हणाला.

"काढलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि वाजवत बसले असते."

यावर बोलणार तरी काय? आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून पोटात घालायचं ते त्यांनी बेचाळीस वर्षं घातलं होतं, आणि तेही भलत्याच गोष्टीसाठी, आपणच वाईट वाजवलं असं समजून. त्या रडल्या नाहीत.

मग त्यांनी डॉक्टरला लिहून घ्यायला सांगितलं. टेलिफोनवर तारा सांगणाऱ्या बाई, त्यामुळे एकेक शब्द सुटा. आधी ट्रम्पेटची ओळ, जशी प्रूफावर होती तशी. तिच्याखाली दुसरी ओळ. ती ऐकून डॉक्टरचं पेन थांबलं. घरातली गोष्ट आहे, ती कव्हरवर कशाला, असं तो चाचरत म्हणाला. मीही तेच म्हणणार होतो, इतका मी भित्रा.

"लिहा," कानसेन यंत्रापाशी उभा राहून म्हणाला. "ताई सांगते तसं लिहा. आणि कागदावर प्रूफ पाहिजे म्हणावं. फोनवर नाही."

कंपनीच्या बाईंनी जुनं प्रूफ पाहून सगळं मान्य केलं. उलट असली हकीकत मिळाली म्हणून त्यांना आनंदच झाला, याचाही मला राग आला. गुरुवारी नवं प्रूफ माझ्या दुकानात आलं, आणि मी ते घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार ताईंनी उघडलं. खोलीत दोन खाटांच्या मध्ये टेबल होतं. त्यावर एकच कप होता, ताईंचा. कानसेन आपला चहा आता बाहेर घेत होता, असं मला नंतर कंडक्टरकडून कळलं.

छापखान्यात प्रूफ दोघांनी तपासायची रीत असते. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर डोळा ठेवायचा. वाचणाऱ्याने घाई करायची नाही, आवाज चढवायचा नाही, पाडायचाही नाही. कानसेनने चष्मा लावला, अंगठा पहिल्या ओळीखाली ठेवला आणि वाचायला सुरुवात केली. ताईंच्या हातात त्यांनी सांगितलेला मजकूर होता. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं तो म्हणत गेला. ड्रमवाला झाला, बासवाला झाला, गिटारवाला झाला. मग ताईंचं पूर्ण नाव आलं. ते त्याने बाकीच्यांसारखंच वाचलं.

"मूळ कव्हरवरचं हे नाव," त्याने पुढची ओळ घेतली, "छापखान्यात कामाला असलेल्या धाकट्या भावाने, स्वल्पविराम, सही झालेल्या प्रूफातून काढून टाकलं, स्वल्पविराम, आणि विचारल्यावर नव्हतं असं सांगितलं, पूर्णविराम."

"पुन्हा वाच," ताई म्हणाल्या.

त्याने पुन्हा वाचलं. स्वल्पविरामांसकट, त्याच आवाजात. ताईंचं बोट हातातल्या कागदावर शब्दाशब्दाला सरकत होतं.

"पुन्हा."

या वेळी 'विचारल्यावर' या शब्दापाशी त्याला थांबावं लागलं. त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि ओळ पहिल्यापासून घेतली. मी भिंतीकडे बघत होतो. ओळ संपली तेव्हा त्याने खिशातलं पेन काढून उघडलं, कारण तपासणाऱ्याने शेवटी खाली सही करायची असते. ताईंनी हात पुढे करून पेन त्याच्याकडून घेतलं आणि सही स्वतः केली.